युद्धकाळातील छोट्या कॉलेजचा फुटबॉल हंगाम कसा मांडावा

अमेरिकन फुटबॉलच्या १९४३ च्या हंगामात टेक्सास राज्यातील जॉर्जटाऊन या गावच्या साउथवेस्टर्न युनिव्हर्सिटीने ऑस्टिन शहरातील युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासच्या बलाढ्य संघाला १४-७ असे हरवले. जॉर्जटाऊन आणि ऑस्टिन यांतले अंतर साधारण ४५ किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर-सांगलीइतकेच आहे. साउथवेस्टर्न नावाला युनिव्हर्सिटी असली, तरी प्रत्यक्षात ते मेथडिस्ट पंथीयांचे एक छोटे कॉलेज होते. उलट टेक्सासने त्या हंगामात या सामन्याखेरीज एकही सामना गमावला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या पेठेतील एका स्मरणिकेसाठी लेख लिहिताना मी या निकालाचे वर्णन ‘शिकाऊ पोराने हिंदकेसरीला चितपट केले’ अशा थाटात केले होते. लेख छापून आला, चार लोकांनी पाठ थोपटली आणि मग एका निवृत्त प्राध्यापकांनी मला एकच प्रश्न विचारला: ‘त्या दिवशी साउथवेस्टर्नकडून खेळले कोण?’ मला उत्तर देता आले नाही.

उत्तर शोधल्यावर माझ्या लेखाचा पायाच ढासळला. साउथवेस्टर्नच्या त्या संघात काही जण मुळात टेक्सासचेच खेळाडू होते आणि काही बेलर युनिव्हर्सिटीचे. नौदलाच्या प्रशिक्षण योजनेतून त्यांची रवानगी जॉर्जटाऊनला झाली होती आणि तेथे गेल्यावर ते तेथील कॉलेजच्या संघातून खेळत होते. आपल्याकडे हंगामापूर्वी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे खेळाडूंची नोंदणी होते, तेव्हा एखादा नावाजलेला फॉरवर्ड एका तालमीतून दुसऱ्या तालमीत गेला, तर मिरजकर तिकटीवर आठवडाभर दुसरा विषय नसतो. येथे तर निम्मा संघच सरकारी हुकमाने या गावातून त्या गावात गेला होता. म्हणून या विषयावर लिहू इच्छिणाऱ्याला माझे पहिले सांगणे असे आहे की, युद्धकाळातील कोणत्याही हंगामात निकाल शेवटी वाचावा आणि नावे आधी वाचावीत. पुढे जे लिहिले आहे, ते सगळे हे काम प्रत्यक्ष कसे करायचे याविषयी आहे.

हे मार्गदर्शन मुख्यतः कोल्हापुरातील अशा तरुणांसाठी आहे, ज्यांना क्रीडा-इतिहास लिहायचा आहे आणि सुरुवातीला हात बसवण्यासाठी एखादा आटोपशीर विषय हवा आहे. अमेरिकेतील छोट्या कॉलेजचा एक हंगाम म्हणजे आठ-दहा सामने, तीस-चाळीस नावे आणि तीन महिने; शिवाय त्या काळची बरीच वृत्तपत्रे घरबसल्या वाचता येतात. लेखात यापुढे ‘फुटबॉल’ हा शब्द त्यांच्या खेळासाठी वापरला आहे. शाहू स्टेडियमवरचा खेळ अभिप्रेत असेल तेथे तसे सांगितले आहे.

खेळ किती समजून घ्यावा

फार नाही. धावफलक वाचता येईल आणि वृत्तांताचा अर्थ लागेल, इतकाच समजून घ्यावा. डावपेचांच्या पुस्तकांत शिरल्यास महिना जातो आणि हाती काही लागत नाही. मैदान १०० यार्डांचे, म्हणजे सुमारे ९१ मीटरचे असते, प्रत्येक बाजूला ११ खेळाडू असतात आणि सामना १५ मिनिटांच्या चार भागांत खेळला जातो. चेंडू ज्या संघाकडे असेल, त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. सरकता आले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. या एका प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात.

गुणांचे गणित मात्र पक्के करावे, कारण जुन्या वृत्तांतात पुष्कळदा फक्त अंतिम आकडा मिळतो आणि सामना कसा झाला असेल, याचा अंदाज त्यावरूनच बांधावा लागतो. टचडाउनचे, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेल्याचे, ६ गुण, त्यानंतर चेंडू खांबांमधून मारल्यास आणखी १, चालू खेळातच चेंडू खांबांमधून मारल्यास, म्हणजे फील्ड गोलचे, ३ आणि प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलरेषेमागे चेंडूसह अडवल्यास ‘सेफ्टी’चे २. टचडाउननंतर दोन गुण मिळवण्याची सोय कॉलेजच्या खेळात १९५८ साली आली, म्हणून युद्धकाळातील आकडा फोडताना ती विसरावी. उदाहरणार्थ, १ जानेवारी १९४२ रोजी ऑरेगन स्टेटने ड्यूकला २०-१६ असे हरवले. यातले २० म्हणजे तीन टचडाउन, त्यांपैकी दोनांनंतरचा जादा गुण मिळाला आणि एकदा हुकला; १६ म्हणजे जादा गुणासह दोन टचडाउन आणि एक सेफ्टी. एवढे कागदावर मांडले की, चार ओळींच्या बातमीतूनही सामना दिसू लागतो. बरोबरीत सुटलेला सामना त्या काळी बरोबरीतच राहत असे, म्हणून संघाची कामगिरी विजय, पराभव आणि बरोबरी अशा तीन आकड्यांत लिहिलेली आढळते. टेक्सासचा १९४३ चा हंगाम ७-१-१ असा लिहिला जातो. त्यातला मधला १ हा जॉर्जटाऊनच्या पोरांनी दिलेला आहे.

नौदलाचे वेळापत्रक शेजारी ठेवावे

हा या कामाचा गाभा आहे आणि बहुतेक लेख येथेच कच्चे राहतात. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. नोव्हेंबर १९४२ मध्ये सक्तीच्या भरतीचे वय २० वरून १८ वर आणले गेले, त्यामुळे कॉलेजमध्ये नुकताच पाय ठेवलेला मुलगाही भरतीच्या कक्षेत आला. मैदानेच काय, वर्गही ओस पडू लागले. १९४३ मध्ये अलाबामा, ऑबर्न, टेनेसी, फ्लोरिडा, स्टॅनफर्ड अशा मोठ्या मोठ्या संस्थांनी संघच उतरवला नाही. बेलरनेही नाही. छोट्या कॉलेजांपुढे तर कुलूप लावण्याची वेळ आली होती.

अशा वेळी नौदलाने १ जुलै १९४३ रोजी ‘व्ही-१२’ ही योजना सुरू केली. अधिकारी तयार करण्यासाठी निवडलेल्या तरुणांना गणवेशात, दरमहा ५० डॉलर पगारावर, देशभरातील १३१ कॉलेजांत शिकायला पाठवण्यात आले. त्यांत नौदलाबरोबर मरीन दलाचेही उमेदवार होते. आठवड्याला सतरा तासिकांचा अभ्यास आणि साडेनऊ तासांची शारीरिक कसरत एवढे करून उरलेल्या वेळात त्यांनी कॉलेजच्या संघातून खेळण्यास नौदलाची हरकत नव्हती. फुटबॉलमुळे अंगात रग आणि शिस्त येते, असे नौदलाचे मत होते. भूदलाची भूमिका उलट होती. भूदलानेही आपले प्रशिक्षणार्थी कॉलेजांत पाठवले, परंतु त्यांना आंतरमहाविद्यालयीन सामने खेळण्यास मनाई केली, कारण अभ्यासक्रम इतका घट्ट बांधलेला होता की, सरावाला वेळच नाही, असे भूदलाचे म्हणणे पडले.

यावरून लेखकाने पहिला प्रश्न असा विचारावा: आपण निवडलेल्या कॉलेजात प्रशिक्षणार्थी कोणाचे होते? नौदलाचे असतील, तर तो संघ अचानक तगडा झालेला दिसेल. केवळ भूदलाचे असतील, तर कॉलेजात शेकडो धडधाकट तरुण असूनही संघ मात्र सतरा वर्षांच्या आणि वैद्यकीय तपासणीत नापास झालेल्या मुलांचा असेल. शांततेच्या काळात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे. ती अट युद्धकाळात शिथिल झाली, हेही ध्यानात ठेवावे, नाही तर यादीतील कोवळी नावे पाहून घोटाळा होतो.

दुसरा प्रश्न तारखेचा आहे आणि तो पहिल्याहून अधिक नाजूक आहे. व्ही-१२ योजनेचे सत्र १६ आठवड्यांचे असे आणि जुलैत सुरू झालेले पहिले सत्र ऑक्टोबरच्या अखेरीस संपून १ नोव्हेंबरला दुसरे सुरू झाले. फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत चालत असे, म्हणजे सत्राची ही रेघ हंगामाच्या बरोबर मधून जाते. १९४३ च्या कॅलेंडरमध्ये ३० ऑक्टोबर आणि ६ नोव्हेंबर हे लागोपाठचे दोन शनिवार आहेत आणि त्या दोन शनिवारांच्या मध्ये कित्येक संघ मुळासकट बदलले. नोत्र दाम हे काही छोटे कॉलेज नव्हे, तरी उदाहरण स्वच्छ आहे म्हणून देतो. ३० ऑक्टोबरला अँजेलो बर्टेली या क्वार्टरबॅकने, म्हणजे चढाईची सूत्रे हाती असलेल्या खेळाडूने, नेव्हीच्या (नौदल अकादमीच्या) संघाविरुद्ध ३३-६ असा विजय मिळवून दिला आणि लगेच तो मरीनच्या तळावर रुजू झाला; ६ नोव्हेंबरला जॉनी लुजॅक या नवख्या मुलाने त्याची जागा घेऊन आर्मीला, म्हणजे भूदलाच्या अकादमीच्या संघाला, २६-० असे नमवले. बर्टेली फक्त सहा सामने खेळला आणि तरीही वर्षातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला दिली जाणारी हाइझमन ट्रॉफी त्या वर्षी त्यालाच मिळाली. नोत्र दामकडे लुजॅक होता. छोट्या कॉलेजकडे पाठोपाठ उभा राहणारा दुसरा लुजॅक नसे, म्हणून तेथे नोव्हेंबरचे निकाल एकदम घसरलेले किंवा नव्या तुकडीमुळे एकदम वधारलेले दिसतात. प्रशिक्षक बिघडला, संघात भांडणे झाली, अशी कारणे शोधण्यापूर्वी सत्राची तारीख पाहावी.

याच वर्षी आपल्याकडे वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली आणि पुढे तेथे पाच हजारांच्या आसपास लोक राहिले. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी १९४३ म्हटले की ‘पोलंडची माणसे आली ते साल’ असेच सांगत. मला परदेशी तारखा लक्षात ठेवायला ही खूण फार उपयोगी पडली. कोल्हापूरच्या वाचकासाठी लिहितानाही ती वापरण्यास हरकत नाही, फक्त एकदाच वापरावी.

वही कशी आखावी

संगणकावर तक्ता केला तरी चालतो, पण मी आखीव फुलस्केप वही उभी न धरता आडवी धरतो, कारण रकाने पुष्कळ लागतात. प्रत्येक सामन्याला एक पूर्ण पान द्यावे. डावीकडे तारीख, वार, ठिकाण आणि निकाल लिहावा, हे कोणीही करतो. त्यापुढे तीन रकाने असे घ्यावेत, जे नेहमीच्या तक्त्यात नसतात. पहिला, त्या दिवशी प्रत्यक्ष खेळलेल्या खेळाडूंचा, आणि प्रत्येक नावापुढे तो आधी कोणत्या कॉलेजात होता ते. दुसरा, प्रतिस्पर्धी संघाच्या त्या आठवड्यातील अवस्थेचा. तिसरा, संघ तेथे कसा पोहोचला याचा.

पहिला रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो. हंगामाच्या सुरुवातीला जाहीर झालेली यादी घेऊन तीच सर्व सामन्यांना लावू नये. सामन्याच्या वृत्तांतात तळाशी बारीक टायपात खेळाडूंची नावे दिलेली असतात, ती दर सामन्याला नव्याने उतरवावीत. सहाव्या-सातव्या पानावर पोहोचल्यावर आधीची पाने मागे उलटून पाहिली की, कोणते नाव कधी गळाले ते आपोआप दिसते. बदली खेळाडूंची संख्या पाहून बिचकू नये: १९४१ पासून नियम सैल झाल्यामुळे खेळाडू वारंवार आत-बाहेर करता येत असे.

दुसऱ्या रकान्याचे महत्त्व कॉलेज ऑफ द पॅसिफिकच्या हंगामावरून पटेल. कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथील या छोट्या कॉलेजचे प्रशिक्षक होते अमोस अलोंझो स्टॅग. त्यांचा जन्म १८६२ चा. शिकागो युनिव्हर्सिटीत १८९२ पासून ४१ हंगाम काढल्यावर सत्तरी गाठली म्हणून त्यांना निवृत्त करण्यात आले, तेव्हा घरी न बसता ते १९३३ मध्ये स्टॉकटनला आले. १९४३ मध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी, व्ही-१२ मधून आलेल्या मुलांना हाताशी धरून त्यांनी सात सामने जिंकले आणि फक्त दोन गमावले. अमेरिकेतील प्रशिक्षकांच्या संघटनेने त्यांना त्या वर्षीचे सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून निवडले. कथा इतकी गोड आहे की, लेखणी आपोआप घसरते.

आता दुसरा रकाना भरून पाहावा. पॅसिफिकने यू.सी.एल.ए. ला, म्हणजे लॉस एंजेलिस येथील युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, १९-७ असे हरवले, यावर सगळे लेख थांबतात, कारण यू.सी.एल.ए. चा संघ त्याच वर्षीच्या १ जानेवारीला रोझ बाउल या नववर्षदिनाच्या मानाच्या सामन्यात खेळून आलेला होता. परंतु तो संघ १९४३ च्या शरद ऋतूपर्यंत उरला नव्हता. त्या हंगामात यू.सी.एल.ए. ने नऊपैकी आठ सामने गमावले. याउलट युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाने पॅसिफिकला ६-० असे हरवले, आणि हाच सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ पुढे १ जानेवारी १९४४ च्या रोझ बाउलमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध २९-० असा जिंकला. माझ्या मते पॅसिफिकची खरी ताकद यू.सी.एल.ए. वरच्या विजयात नसून या निसटत्या पराभवात दिसते. केवळ निकालांची यादी वाचणाऱ्याला हे कधीच कळणार नाही, कारण यादीत पहिला सामना विजयाच्या बाजूला आणि दुसरा पराभवाच्या बाजूला जाऊन बसतो.

प्रतिस्पर्ध्यांत लष्करी तळांचे संघही आढळतील. ग्रेट लेक्स, आयोवा प्री-फ्लाइट, डेल माँटे प्री-फ्लाइट, मार्च फील्ड ही कॉलेजांची नावे नव्हेत. तेथे पूर्वी कॉलेजातून आणि व्यावसायिक संघांतून खेळलेली कसलेली मंडळी गणवेशात एकत्र आलेली असत. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या १९४३ च्या अखेरच्या क्रमवारीत पहिल्या दहांत हे चारही संघ होते. याच क्रमवारीत कोलोरॅडो कॉलेज अठरावे आणि पॅसिफिक एकोणिसावे होते. एरवी या दोन नावांना तेथे कोणी उभे केले नसते. छोट्या कॉलेजची मुले तळावरच्या संघाकडून हरली असतील, तर तो पराभव इतर पराभवांपासून वेगळा नोंदवावा.

तिसऱ्या रकान्याबद्दल थोडक्यात सांगतो. जपानने मलाया घेतल्यानंतर अमेरिकेला रबराचा तुटवडा पडला आणि मुख्यतः टायर वाचवण्यासाठी १ डिसेंबर १९४२ पासून देशभर पेट्रोलचे रेशनिंग लागू झाले. मोटारींना ताशी ३५ मैलांची, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरची वेगमर्यादा होती. रेल्वेत सैनिकांना अग्रक्रम होता. त्यामुळे दूरचे सामने रद्द झाले, जवळच्या संघाशी एकाच हंगामात दोनदा सामने झाले, आणि १९४४ च्या रोझ बाउलमध्ये तर नेहमीप्रमाणे पूर्वेकडचा पाहुणा संघ न बोलावता पश्चिम किनाऱ्यावरचेच दोन संघ खेळवले गेले. आधी सांगितलेला २०-१६ चा सामनासुद्धा रोझ बाउलचाच होता, पण पर्ल हार्बरनंतर पश्चिम किनाऱ्यावर गर्दी जमवणे धोक्याचे वाटल्यामुळे तो कॅलिफोर्नियातून हलवून नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅम येथे खेळवला गेला. वेळापत्रकात एखादा सामना विचित्र ठिकाणी किंवा विचित्र संघाशी दिसला, तर कारण बहुधा याच रकान्यात सापडते.

साधने आणि चकवे

सर्वप्रथम कॉलेजचे विद्यार्थी-साप्ताहिक गाठावे, नंतर वार्षिकांक आणि शेवटी शहरातील दैनिके. पॅसिफिकचे ‘पॅसिफिक वीकली’ हे साप्ताहिक आणि ‘नारान्हादो’ हा वार्षिकांक त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्कॅन करून सर्वांसाठी खुले केले आहेत. दैनिकांसाठी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा संग्रह आणि कॅलिफोर्नियापुरता तेथील डिजिटल वृत्तपत्र संग्रह विनामूल्य पाहता येतो. घरी नेट नीट चालत नसेल, तर शिवाजी विद्यापीठातील बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात बसावे. ज्याला डोळ्यांसमोर कागद असल्याशिवाय वाचल्यासारखे वाटत नाही, त्याने पाने छापून करवीर नगर वाचन मंदिरात नेऊन वाचावीत. मी तेच करतो.

विद्यार्थी-साप्ताहिकावर पूर्ण विश्वास टाकू नये. आपल्याकडे एखाद्या तालमीच्या कार्यकर्त्याने लिहिलेला सामन्याचा वृत्तांत जसा असतो, तसाच तोही असतो: हरलो तरी पंचांमुळे, चिखलामुळे किंवा नशिबामुळे. म्हणून प्रत्येक सामन्याचे निदान दोन वृत्तांत, एक या गावचा आणि एक त्या गावचा, समोरासमोर ठेवावेत. यार्डांचे आकडे दोन्हीकडे वेगळे निघाले, तर दोन्ही वहीत लिहावेत. सरासरी काढण्याचा मोह आवरावा.

तारखांचा चकवा साधा आहे, पण तो हमखास लागतो. सामने बहुधा शनिवारी दुपारी होत, दैनिकात बातमी रविवारी येई आणि साप्ताहिकात पुढच्या शुक्रवारी. कात्रणावरची तारीख सामन्याची म्हणून उतरवली की, पुढचे सगळे पान एका आठवड्याने सरकते आणि १ नोव्हेंबरची रेघ चुकीच्या जागी पडते.

नावांचा चकवा याहून वाईट आहे. ‘साउथवेस्टर्न’ या नावाच्या संस्था टेक्सासमध्ये, लुइझियानात, टेनेसीत आणि ओक्लाहोमात अशा अनेक ठिकाणी होत्या. मी सलग तीन रात्री जागून ज्या साउथवेस्टर्नची कात्रणे उतरवली, ती लुइझियानाची निघाली. तोही संघ व्ही-१२ चा, तोही १९४३ चा आणि तोही १९४४ च्या नववर्षदिनी बाउल सामना खेळलेला. फरक एवढाच की, टेक्सासचा साउथवेस्टर्न त्या दिवशी एल पासो येथील सन बाउलमध्ये न्यू मेक्सिकोविरुद्ध ७-० असा जिंकला आणि लुइझियानाचा ह्यूस्टन येथील ऑइल बाउलमध्ये खेळला. तेव्हापासून मी प्रत्येक कात्रणाच्या डोक्यावर राज्याचे नाव लाल शाईने लिहितो. पॅसिफिक नावाचीही आणखी एक संस्था ऑरेगनमध्ये आहे. शिवाय संस्था पुढे नावे बदलतात: कॉलेज ऑफ द पॅसिफिक १९६१ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ द पॅसिफिक झाले, म्हणून शोधताना जुने आणि नवे अशी दोन्ही नावे टाकून पाहावीत. यंत्राने वाचलेल्या जुन्या टायपात अक्षरांची गफलत होते, हेही गृहीत धरावे. खेळाडूचे आडनाव सापडले नाही, तर प्रतिस्पर्धी संघाचे नाव आणि तारीख यांवरून पान गाठावे आणि डोळ्यांनी वाचावे.

लिहायला बसताना

वही भरल्यावर सामन्यामागून सामना असे क्रमाने लिहू नये. तसा लेख वाचताना चौथ्या सामन्यापर्यंत वाचक कंटाळतो, आणि त्यात वाचकाचा दोष नसतो. हंगामाचे दोन भाग करावेत, १ नोव्हेंबरपूर्वीचा आणि नंतरचा, आणि प्रत्येक भागातून एकच सामना निवडून तो तपशिलाने लिहावा. बाकीचे निकाल दोन-तीन वाक्यांत किंवा शेवटी छोट्या तक्त्यात द्यावेत. निवडलेला सामना सर्वांत मोठ्या विजयाचा असलाच पाहिजे, असे नाही. साउथवेस्टर्नवर मी पुन्हा लिहिले, तेव्हा टेक्सासवरचा विजय मधे न ठेवता सुरुवातीच्या एका परिच्छेदात उरकला आणि मुख्य जागा त्या मुलांना दिली, जी आपल्याच जुन्या कॉलेजविरुद्ध मैदानात उतरली होती.

शब्दांच्या बाबतीत टचडाउन, क्वार्टरबॅक, यार्ड, बाउल हे जसेच्या तसे ठेवावेत. त्यांना ओढून-ताणून मराठी प्रतिशब्द दिल्यास वाचकाला दोनदा समजून घ्यावे लागते. मात्र ‘डाउन’ पहिल्यांदा येईल तेथे एका वाक्यात समजावून सांगावा. कुस्तीच्या उपमा आपल्या हाताशी तयार असतात आणि त्या शोभतातही, पण त्या वापरताना माझ्या हिंदकेसरीची आठवण ठेवावी. खेळाडू पुढे युद्धात गेले, कोणी परतले, कोणी परतले नाहीत, हे लिहावेसे वाटते आणि तसे लिहावेही, पण ज्याच्याविषयी लेखी पुरावा हाती आहे, त्याच्याचविषयी. नाव सारखे आहे एवढ्यावरून मृतांच्या यादीतील माणूस आपल्या संघातील मुलाशी जोडू नये.

छापायला देण्यापूर्वी लेखातील प्रत्येक निकालाशेजारी पेन्सिलीने वहीतील पान क्रमांक लिहावा. ज्या निकालापुढे क्रमांक लिहिता येत नाही, तो लेखातून काढावा. मग लेख आणि वही अशा दोन्ही गोष्टी एखाद्या चिकित्सक माणसाकडे द्याव्यात आणि तो वाचत असताना तेथे बसू नये. आमचे प्राध्यापक आता वही आठवडाभर ठेवून घेतात आणि परत देतात, तेव्हा समासात बारीक अक्षरात एवढेच लिहिलेले असते: ‘खेळले कोण?’ माझ्या मागच्या वहीत हा प्रश्न अकरा ठिकाणी होता. त्यांपैकी सात ठिकाणी मला उत्तर मिळाले आणि उरलेले चार सामने मी लेखातून गाळले.